विश्लेषण : बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी कळते का? खरी मानसशास्त्रीय चाचणी कशी ओळखायची?

देवगाव फाटा : ‘तुमचे मूल डॉक्टर होणार की इंजिनीअर? फक्त दहा बोटांचे ठसे द्या आणि जाणून घ्या.’ अशा जाहिराती आता शहरापुरत्या राहिलेल्या नाहीत. व्हॉट्सॲपवरून त्या सेलू, जिंतूर, मंठा अशा कुठल्याही तालुक्यातील पालकाच्या मोबाइलवर पोहोचतात. मुलाच्या भविष्याची काळजी सगळ्यांनाच असते आणि काही हजार रुपयांत उत्तर मिळत असेल तर काय हरकत आहे, असे वाटणे साहजिक आहे. पण या चाचण्यांना वैज्ञानिक आधार आहे का? बालमानसशास्त्रात मुलांचे मूल्यमापन नेमके कसे होते? ते करण्याचा अधिकार कोणाला असतो? आणि लेकरू अभ्यासात खरोखर मागे पडत असेल तर फाट्यावरच्या पालकाने जायचे कुठे? जाणून घेऊया.

डीएमआयटी म्हणजे काय?

डीएमआयटी म्हणजे ‘डर्मेटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट’. यात मुलाच्या दहाही बोटांचे ठसे स्कॅन केले जातात. संगणक ठशांतील चक्र, शंख, कमान अशा आकृत्या मोजतो आणि काही पानांचा रंगीत अहवाल तयार होतो. गणिती बुद्धी इतके टक्के, संगीताची बुद्धी इतके टक्के, डावा मेंदू प्रबळ की उजवा, कोणते करिअर निवडावे, असे बरेच काही त्यात असते.

या नावात दोन खऱ्या गोष्टी आहेत. ‘डर्मेटोग्लिफिक्स’ म्हणजे त्वचेवरील रेषांचा अभ्यास. हा शब्द अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरॉल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये रूढ केला. ‘मल्टिपल इंटेलिजन्स’ म्हणजे बहुविध बुद्धिमत्ता ही मांडणी हार्वर्ड विद्यापीठातील हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये केली. मात्र गार्डनर यांनी आपल्या मांडणीत बोटांच्या ठशांचा आधार कुठेही घेतलेला नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र जोडून तिसरीच विकली जात आहे.

ठसे आणि मेंदू यांचा संबंध असतो का?

विक्रेते सांगतात की, त्वचा आणि मेंदू गर्भात एकाच थरापासून बनतात, म्हणून ठशांत मेंदूचा नकाशा उमटतो. यातील पहिला भाग बरोबर आहे. त्वचेचा बाहेरचा थर आणि मज्जासंस्था या दोन्ही गर्भाच्या बाह्यस्तरापासून तयार होतात. पण केस, नखे आणि दातांवरचे कठीण आवरणही त्याच स्तरापासून तयार होते. म्हणून नखांवरून कोणी गणिताचे गुण सांगत नाही.

बोटांवरील रेषा गर्भावस्थेच्या साधारण तिसऱ्या महिन्यात उमटू लागतात आणि पुढच्या काही आठवड्यांत पक्क्या होतात. त्यानंतर त्यांची रचना आयुष्यभर तीच राहते. म्हणूनच गुन्हेगारी तपासात ठसे उपयोगी पडतात. जगातील पहिल्या फिंगरप्रिंट ब्युरोंपैकी एक १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाला, तोही माणसाची ओळख पटवण्यासाठी. माणसाचा स्वभाव किंवा बुद्धी सांगणे हे त्याचे काम कधीच नव्हते. मेंदूचे मात्र उलट असते. शिकणे, खेळणे, आहार, आजार, घरातले वातावरण यांनुसार तो सतत बदलत राहतो. कधीही न बदलणाऱ्या रेषेवरून सतत बदलणाऱ्या गोष्टीचे टक्के सांगता येत नाहीत.

डाऊन सिंड्रोमसारख्या काही जनुकीय स्थितींत तळहाताच्या रेषांत ठरावीक फरक आढळतात, हे खरे आहे. पण त्यावरून निदान होत नाही, त्यासाठी गुणसूत्रांची तपासणी करावी लागते. आणि या निरीक्षणावरून निरोगी मुलाने वाणिज्य शाखा घ्यावी की विज्ञान, हे तर अजिबात ठरत नाही. देशातील मानसोपचारतज्ज्ञांची संघटना असलेल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये डीएमआयटीला वैज्ञानिक आधार नसल्याची भूमिका जाहीर केली होती.

मग अहवाल ‘अगदी बरोबर’ का वाटतो?

‘आमच्या मुलाबद्दल सगळे तंतोतंत लिहिले होते,’ असे अनेक पालक सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. याचे उत्तर १९४८ मधील एका प्रयोगात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. आठवड्याने प्रत्येकाला ‘तुमचा अहवाल’ म्हणून कागद दिला आणि तो किती जुळतो याला ० ते ५ गुण द्यायला सांगितले. सरासरी सुमारे ४.३ गुण मिळाले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिला होता आणि तो राशिभविष्याच्या पुस्तकावरून घेतलेला होता.

‘मूल हुशार आहे, पण एकाग्रता कमी पडते’, ‘प्रेमाने सांगितले तर ऐकते’, ‘क्षमता आहे, तिचा पूर्ण वापर होत नाही’ ही वाक्ये कोणत्या मुलाला लागू पडत नाहीत? पडताळा सोपा आहे. पाच मुलांचे अहवाल नावे झाकून एकत्र करा आणि आपल्या मुलाचा कोणता ते पालकांना ओळखायला सांगा. अहवाल खरे असतील तर बहुतेकांना ओळखता यायला हवेत.

‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे काय?

काही दिवसांच्या शिबिरात मुलाचा ‘मध्य मेंदू’ जागृत होतो आणि ते डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागते, असा हा दावा. मध्य मेंदू हा मेंदूचा खरा भाग आहे. डोळ्यांची हालचाल, जागेपण अशा कामांत तो जन्मापासून सक्रिय असतो. त्याला वेगळे जागृत करण्याची गरज नसते.

पट्टी बांधून वाचण्यामागचे कारण साधे आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते आणि तिथून खालचे दिसते. म्हणूनच मूल वस्तू नाकाखाली धरते. तीच वस्तू डोक्यामागे धरली, पाकिटात बंद केली किंवा दिवा मालवला, की वाचन थांबते. मंगळूरचे विवेकवादी नरेंद्र नायक आणि महाराष्ट्रातील अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यांनी अशा दाव्यांना जाहीर आव्हाने दिली आहेत. इथे पैशांपेक्षा मोठे नुकसान वेगळेच आहे. सगळे टाळ्या वाजवत असताना ‘मला फटीतून दिसते’ असे सांगायची हिंमत मुलाला होत नाही. फसवणुकीत सामील व्हायला आपणच त्याला शिकवतो.

खऱ्या चाचण्यांची सुरुवात कशी झाली?

फ्रान्समध्ये शालेय शिक्षण सक्तीचे झाल्यावर कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल, हे ओळखण्याची गरज निर्माण झाली. त्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची पहिली चाचणी तयार केली. बुद्धी ही कायमची ठरलेली वस्तू आहे, असे बिने मानत नव्हते. मूल कुठे अडते ते शोधून त्याला शिकवणे, हा त्यांचा हेतू होता.

ही चाचणी मराठी मुलांपर्यंत लवकर आली. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचे कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी प्रमाणीकरण केले. त्यांचे ‘मेजरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हे पुस्तक १९४० मध्ये आले. ‘बिने-कामत चाचणी’ पुढे देशभर वापरली गेली. नागपूरमध्ये डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप १९६९ मध्ये तयार केले. पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीतही बुद्धिमत्ता मापनावर काम झाले. म्हणजे परदेशी चाचणी जशीच्या तशी न वापरता ती आपल्या मुलांवर तपासून घ्यायची, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही.

चाचणी ‘वैज्ञानिक’ आहे हे कसे ठरते?

कापूस घेऊन बाजारात गेलेला शेतकरी आधी काटा बघतो. मानसशास्त्रीय चाचणीलाही तीन गोष्टी विचारायच्या असतात.

पहिली, विश्वसनीयता. तेच पोते दोनदा ठेवले तर वजन जवळपास तेच यायला हवे. आज एक आणि महिन्याने भलताच निकाल येत असेल तर चाचणी निकामी आहे.

दुसरी, वैधता. काटा वजनच मोजतो ना? डीएमआयटी इथे नापास होते. ठसे तेच असल्याने निकाल दर वेळी सारखा येईल, पण त्यातून बुद्धी मोजली जात नाही.

तिसरी, मानके. मुलाची तुलना कोणाशी होते? त्याच वयाच्या, त्याच भाषेच्या, तशाच परिस्थितीतील मुलांशी व्हायला हवी. शिवाय मानके जुनी होतात. पिढीगणिक बुद्ध्यांक चाचण्यांतील गुण वाढत गेले, असे जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले. त्यामुळे अनेक दशकांपूर्वीच्या मानकांवर आजच्या मुलाचे गुण फुगलेले दिसू शकतात. बिने-कामत चाचणीवरही हा आक्षेप घेतला जातो.

बुद्ध्यांकाचा आकडाही समजून घ्यायला हवा. प्रचलित चाचण्यांत सरासरी १०० असते आणि सुमारे ६८ टक्के मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. प्रत्येक मोजमापात त्रुटी असते. त्रुटी ५ गुणांची धरली तर ७८ हा आकडा ‘७३ ते ८३ च्या आसपास’ असा वाचावा लागतो. बौद्धिक अक्षमतेचे निदानही केवळ आकड्यावर होत नाही. जेवण, कपडे, व्यवहार, संवाद अशा रोजच्या गोष्टी मूल कशा करते, हेही तपासावे लागते.

ग्रामीण मुलांबाबत कोणती अडचण येते?

सर्वांत मोठी अडचण भाषेची. घरी गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या मुलाला इंग्रजीत किंवा पुस्तकी मराठीत चाचणी दिली, तर बुद्धीऐवजी भाषेची ओळख मोजली जाते. दुसरी अडचण शाळेची. आई-वडील ऊसतोडीला गेल्याने ज्या मुलाची वर्षातील काही महिने शाळा बुडते, ते वाचनात मागे राहणारच. त्याला लगेच ‘अध्ययन अक्षम’ म्हणता येत नाही. शिकण्याची पुरेशी संधी मिळूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडचण कायम राहिली, तरच विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा विचार होतो.

भाषेच्या अडचणीवर काही काम झाले आहे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, कन्नड आणि इंग्रजीसह मराठीतही तयार केला आहे.

‘९० टक्के अचूक’ म्हणजे किती अचूक?

मोबाइल ॲपवरील चाचण्यांबाबत हा दावा नेहमी दिसतो. एक गणित करून पाहू. समजा १,००० मुले आहेत आणि त्यातील ५० मुलांना खरोखर अडचण आहे. ९० टक्के अचूक चाचणी त्यातील ४५ जणांना पकडेल, ५ सुटतील. उरलेल्या ९५० मुलांपैकी १० टक्के, म्हणजे ९५ मुलांना ती चुकून ‘अडचण आहे’ म्हणेल. एकूण १४० मुलांवर खूण होईल आणि त्यातील खरी ४५. म्हणजे खूण झालेल्या दर तीन मुलांपैकी दोघांना काहीच झालेले नसेल.

याचा अर्थ प्राथमिक चाचणी निरुपयोगी आहे, असा नाही. कोणाला पुढच्या तपासणीसाठी पाठवायचे, हे ती सांगते. पण तिच्यावरून निदान करणे, शिक्का मारणे किंवा महागडा कोर्स विकणे चुकीचे आहे.

यात नैतिकतेचा प्रश्न कुठे येतो?

मुलाला चिकटलेला शिक्का किती खोल जातो, याचे एक कुप्रसिद्ध उदाहरण आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन आणि त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्युडर यांनी डेव्हनपोर्ट येथील अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातील काही व्यवस्थित बोलणाऱ्या मुलांना ‘तुम्ही अडखळता’ असे वारंवार सांगण्यात आले. त्यातील काही मुले बोलायलाच कचरू लागली. विद्यापीठाने २००१ मध्ये त्याबद्दल माफी मागितली.

आज मुलांच्या मूल्यमापनात चार गोष्टी आवश्यक मानल्या जातात. चाचणी कशासाठी हे सांगून पालकांची संमती घेणे आणि मुलालाही त्याच्या वयाला समजेल असे सांगणे. निकाल गोपनीय ठेवणे, तो वर्गात किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर न करणे. एकाच चाचणीवर निर्णय न घेणे. आणि चाचणी घेणाऱ्याचाच पुढचा कोर्स विकण्यात फायदा नसणे.

ठशांबाबत आणखी एक मुद्दा आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. आधार आणि बँकेचे व्यवहार ठशांवर चालत असताना, मुलाचे दहाही ठसे कोणत्या सर्व्हरवर जाणार, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याच कायद्याचे कलम १७ मुलाच्या मानसिक छळाला मनाई करते.

भारतीय पुनर्वसन परिषद कायदा, १९९२ नुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची परिषदेकडे नोंदणी असावी लागते. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन ‘चाइल्ड सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावणाऱ्याकडे ती नसते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तिचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर देण्याची आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद होती. म्हणजे ‘पाच वर्षांच्या मुलाला डिस्लेक्सियाचे प्रमाणपत्र’ असे कोणी सांगत असेल तर सावध व्हावे. दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ मध्येच सुरुवात केली. या सवलतींवर गरजू मुलांचा हक्क आहे. खोटे प्रमाणपत्र मिळवणारा आधी त्याच मुलांबद्दल संशय निर्माण करतो.

फसव्या जाहिरातींविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे.

लेकरू मागे पडत असेल तर जायचे कुठे?

सुरुवात डोळे आणि कान तपासण्यापासून करा. फळा दिसत नसलेले मूल अनेकदा ‘लक्ष देत नाही’ म्हणून ओरडा खाते. झोप, रक्तक्षय, शाळेतील मारहाण किंवा चिडवणे, घरातील भांडणे ही कारणेही तपासा.

दुसरी पायरी म्हणजे शिक्षकांशी बोलणे. अडचण सगळ्याच विषयांत आहे की फक्त वाचनात? तोंडी उत्तर येते पण लिहिता येत नाही का? कधीपासून? हे वहीत लिहून ठेवा. तज्ज्ञाला अशा नोंदींचा मोठा उपयोग होतो.

तिसरी पायरी सरकारी आणि मोफत आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा तपासणी करतात. विकासातील विलंब, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, अतिचंचलता यांची प्राथमिक पाहणी या कार्यक्रमात येते. पथक शाळेत कधी येणार, हे मुख्याध्यापकांना किंवा आशाताईंना विचारा. गरज असल्यास मुलाला जिल्हा पातळीवर पुढील तपासणीसाठी पाठवले जाते. मूल किंवा पालक मानसिक ताणात असतील तर ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे.

पैसे देण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे?

१. चाचणी नेमके काय मोजते आणि मराठी मुलांवर तिचे प्रमाणीकरण कधी झाले?

२. चाचणी घेणाऱ्याची पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का? क्रमांक काय?

३. किती वेळ लागेल? मुलाशी, पालकांशी आणि शिक्षकांशी बोलणार का?

४. निकाल चुकण्याची शक्यता किती? (‘शून्य’ असे उत्तर आले तर तिथूनच परत फिरा.)

५. माहिती आणि ठसे कोण, कुठे, किती दिवस ठेवणार?

६. निकालानंतर मुलासाठी शाळेत आणि घरी काय बदलायचे?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चांगल्या अहवालात मूल कुठे अडते आणि उद्यापासून काय करायचे, हे लिहिलेले असते. जवळून वाचून घ्या, लिहायला जास्त वेळ द्या, पाढे वस्तू मोजून शिकवा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असे. तसे काहीच न सांगता फक्त टक्के आणि करिअरची यादी हातात देणाऱ्या अहवालावर खर्च करण्यापेक्षा, त्याच पैशात मुलाचे डोळे तपासून घेणे आणि त्याला वाचायला गोष्टीची चार पुस्तके आणणे जास्त उपयोगाचे ठरेल.